शाल पिशवीतच राहिली

फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं संमेलन भरवलं होतं ना आमी, त्याला एका मोठ्या कंपनीच्या बाई आल्या. सत्काराला शाल-नारळ घेऊन मी उभा, आणि बाई खाली सतरंजीवर परांड्याच्या एका पोरीसोबत कोडमधली चूक शोधत बसलेल्या.

येरमाळ्याचे माझे चुलते, आण्णा, त्यांना म्हणाले, "फुकटाच्या मालात तुमच्या कंपनीचं काय काम?"

"काका, आमचा निम्मा कारभार ह्याच मालावर चालतो. वापरायला आम्ही, मग दुरुस्तीला बसायला नको?"

आण्णा माझ्याकडं वळले. "येडाईच्या यात्रेत देवीसाठी रानातले चुनखडीचे खडे वेचताना कितीबी मोठा माणूस असू दे, स्वतःच वाकतो का न्हाय?"

"व्हय."

"मग वेचू दे की त्यांना. शाल ठेव पिशवीत."