साच्यात अडकलेली खुर्ची

न्हाई साहेब, हातोडा ठिवा खाली – फायबरची खुर्ची अशी निघत नसती, साचाच तडकंल, आन असला साचा ह्या कारखान्यात एकच हाय. पाचर मारली, पानी सोडलं, काल सकाळधरनं तेच करायलोय. तुमच्या रेल्वेच्या डब्यात ह्या खुर्च्या हायत ना – सात वर्षं झाले, माझ्याच हातच्या. साच्याला मेण चोळायचं, रेझिन लावायचं, काचेची चटई दाबायची, परत रेझिन. मेण असलं की खुर्ची आलगद सुटती. नसलं की दोन्ही एकजीव. मग मेण कामून लावलं न्हाई म्हनता? – लावलं होतं की! दसऱ्याच्या आधी चांगले पाच हात.

तर खंडेनवमीला मालकाची आई आली, गंगम्मा. पूजेसाठी साचा चिंचेनं घासून धुतला, इभूतीचे पट्टे ओढले, हार घातला. मेण गेलं सगळं. मी कुठं होतो? भायेर, फाटकापाशी. आमी बौद्ध मान्सं पूजेला भायेरच असतो – माझं गाव, दुबलगुंडी, सोडलं ते ह्याच्यापायीच, पर गाव काय मागं ऱ्हातंय व्हय? दसरा झाल्यावर शिवशंकरप्पा मालक म्हनले, रेल्वेचे साहेब येनार हायत, सुरू कर. केलं सुरू. मला काय म्हाईत, साचा धुतलाय ते –

न्हाई. म्हाईत होतं. बोट फिरवलं की कळतंय, साहेब. मेणावर बोट घसरतं, हितं धरायलं होतं. मागल्या साली असंच झालं, तवा म्या आपल्या मनानं मेण चोळलं, तर गंगम्मानं माझ्यादेखत साचा परत धुवायला लावला. पूजेचा साचा बाटला म्हने. माझ्या खुर्चीवर सगळा मुलूख बसतो, तवा कुनी बाटत न्हाई! मग ह्या बारीला म्हनलं, घ्या, तुमच्या पूजेवरच घ्या. ओतलं रेझिन. राग होता, दुसरं काय.

आता मालक म्हनायलेत, गाफीलपना तुझाच. तुमच्या कागदावर तसं आलं की माझं काम गेलं. कुठं जाऊ? हुमनाबादात फायबरचं दुसरं काम न्हाई, गावात गेलो तर परत दुसऱ्याच्या रानात, परत अंगनाच्या भायेर. म्हनून हात जोडतो, लिवा, की साचा धुतला होता –

साहेब, कवाधरनं लिवायलाव तुमी? वाचून दावा की.

एवढंच? ‘ज्ञानोबाला म्हाईत होतं’ – म्हंजी मला – बास? आन गंगम्मानं धुतला ते?

बरं. आना तो हातोडा हिकडं. सरका. आता तुमी भायेर व्हा, साहेब.