पणजीचं नाव

दुष्काळामुळे आमचं लग्न थोडक्यात उरकलं, पण माझं नाव बदलायचं तेवढं कुणी विसरलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "रमा ठेवू. आमच्या पणजीचं नाव. अकरा बाळंतपणं झाली, पण बाई कधी आजारी पडली नाही!"

महिन्याभरात सगळे नगरहून नाशिकला तीर्थयात्रेला गेलो. तिथल्या आमच्या तीर्थोपाध्यांनी घराण्याची जुनी वही काढून पणजोबांचं पान वाचलं. "पहिली बायको रमा, बाळंतपणात गेली. दुसरी आणली, तिचंही नाव रमाच ठेवलं, तीही बाळंतपणात. तिसरी रमा, तीही तशीच."

सासूबाई उगाच पदर सारखा करत बसल्या.

उपाध्यांनी टाक उचलला. "नव्या सूनबाईंचं नाव?"

"रमा," मी म्हटलं. "पुढे चौथी असं लिहा."

"आकडा घालत नाही, बाई," ते म्हणाले. "पुढची आली की कळतंच."