आठ ठिकाणची उत्तरं आली होती

आप्पा, माय, आमचे साहेब, ऑफिसातली मंडळी आणि पिशोरकडून सकाळच्या गाडीनं आलेले तुम्ही सगळे.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी आधी नको म्हणालो होतो. अशा सभेत बोलायला धीर लागतो, अन् तो माझ्याकडं कधीच नव्हता. कसा नव्हता, तेच सांगायला उभा राहिलोय. आवाज अडखळला तर सांभाळून घ्या. पण मध्येच खाली बसायला लागलो तर बसू देऊ नका. पूर्ण बोलायला लावा मला.

मी सुधीर. मूळचा पैठणचा. इथं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या संगणकाच्या ऑफिसात कावेरी सहा वर्षं माझ्या हाताखाली होती. हाताखाली, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. कामात ती माझ्या पुढं होती, आणि हे मला पहिल्या वर्षातच कळलं होतं. डेंग्यूचं निमित्त झालं अन् पाच दिवसांत ती गेली. एकोणतीस वर्षांची होती.

तिच्याबद्दल चांगलं बोलायचं ठरवून आलो होतो. बोलण्यासारखं लई आहे. पण आत्ता साहेब बोलले. मनापासून बोलले. ते म्हणाले, दोन वर्षांपूर्वी कावेरीच्या हातून एक चूक झाली, पण तिनं ती मोठ्या मनानं कबूल केली. साहेब, तुमचा दोष नाही. तुम्हाला जे ठाऊक आहे तेच तुम्ही बोललात. पण ते वाक्य आलं तेव्हा आप्पांनी मान खाली घातली. मी बघत होतो. शोकसभेतसुद्धा त्या बापाला मान खाली घालावी लागली.

आप्पा, मान वर करा. ती चूक कावेरीची नव्हती. माझी होती.

इथं बसलेल्या काहींना ती गोष्ट माहीत आहे, काहींना नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो. संगणकातलं काही कळत नसेल तरी हे कळेल. अवघड काहीच नाही त्यात.

आप्पांची मेंढरं. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचावी लागते. नाही टोचली तर कोवळं गवत खाऊन सकाळी चरणारं मेंढरू संध्याकाळी मरून पडतं. आप्पा त्या लसीसाठी जनावरांच्या एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पायी हिंडायचे. इथं संपली, तिथं बघा. तिथं गेलं की, उद्या या. कावेरीनं लहानपणापासून हे बघितलं होतं. म्हणून मेंढपाळांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं असंच एक काम आमच्या ऑफिसात आलं, तेव्हा ती स्वतःहून साहेबांकडं गेली. म्हणाली, हे मला द्या.

काम असं होतं. नऊ दवाखाने. फोनवर एक पान उघडायचं, अन् ते पान एकाच वेळी नऊही ठिकाणी विचारणार, आज लस आहे का. एकाला विचारून, त्याच्या उत्तराची वाट बघून, मग दुसऱ्याकडं जायचं असं नाही. नऊ माणसं नऊ दिशांना एकदम धाडल्यासारखं. विचारल्याबरोबर उत्तर येत नाही. आधी नुसता एक वायदा मिळतो, की सांगतो, थांबा. आमच्या धंद्यात त्याला प्रॉमिस म्हणतात. मग कुणाचं उत्तर लगेच येतं, कुणाचं उशिरा. अन् कुणाचं येतच नाही, कारण तिथली लाईट गेलेली असते.

आता, एकाचं उत्तर नाहीच आलं, तर काय करायचं? याच्या दोन रीती आहेत. एक रीत अशी, की एक जरी फसलं तरी सगळंच फसलं समजायचं. बाकी आठ जणांची उत्तरं आली असली तरी ती बाजूला टाकायची. काही कामांना ही रीत बरोबर असते. दुसरी रीत अशी, की ज्याचं जे झालं ते त्याच्या नावापुढं मांडायचं. इथं लस आहे. इथं नाही. अन् इथून उत्तर आलेलं नाही.

कावेरीनं दुसरी रीत घेतली होती. मी तिला विचारलं होतं, कशाला एवढं वेगवेगळं करत बसतेस. ती काय म्हणाली, आजही कानात आहे.

'सर, सांजच्याला आप्पा मेंढरं मोजत्यात. एक कमी भरलं तर म्हणत्यात, एक कमी हाय, कोणतं ते बघा. सगळीच गेली असं नाय म्हणत कोणी.'

मी हसलो. म्हटलं, अगं, इथं मेंढरं नाहीत. ती पण हसली. पण तिनं बदललं नाही.

मग संस्थेच्या लोकांना पान दाखवायचा दिवस आला. आदल्या दिवशी कावेरी सकाळी काम करून, दुपारच्या एसटीनं मावसबहिणीच्या लग्नाला पैठणला गेली. मी तिच्या खुर्चीत बसलो. तिचा पासवर्ड मला माहीत होता. आमच्याकडं सगळ्यांना सगळ्यांचे माहीत असतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी पान उघडलं. नावं एक एक करून भरत होती. आधी चौथं, मग पहिलं, मग आठवं. मला ते गबाळं वाटलं. म्हटलं, सगळं एकदम आलं पाहिजे, झटकन. मी तिची मांडणी काढली आणि एक ओळ घातली. नऊच्या नऊ उत्तरं आली तरच दाखव. अन् नाही आली तर? तिथं काहीतरी लिहायला पाहिजे होतं. मी लिहिलं, 'आज कुठंही लस नाही.'

उत्तर आलं नाही, आणि लस नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला हे कळू नये? कळत होतं हो. मी विचारच केला नाही.

दोन वर्षं मी मनाला सांगत आलो, की घाई होती. घाई नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. चहा पिऊन निवांत बसलो होतो मी. सगळं ऑफिस त्याला कावेरीचं पान, कावेरीचं पान म्हणत होतं. ते मला सोसत नव्हतं. मला त्याच्यावरून माझा हात फिरवायचा होता. बस, एवढंच होतं ते.

तिचं सकाळचं काम अन् माझं दुपारचं, दोन्ही एकत्रच पुढं गेलं. तिच्या नावानं. दुसऱ्या दिवशी नऊही दवाखाने चालू होते. पान झटकन भरलं. पाहुण्यांनी वाहवा केली. कावेरीला सांगायचं मी विसरलो, असं म्हणणार होतो. विसरलो नव्हतो. सांगितलं नाही.

मग एका दवाखान्याची लाईट गेली. तीन दिवस आली नाही. बाकी आठ ठिकाणी लस होती. आठही ठिकाणांनी तसं वेळेवर सांगितलं होतं. माझ्या त्या ओळीनं आठही उत्तरं टाकून दिली, अन् तीन दिवस फोनवर दिसत राहिलं, आज कुठंही लस नाही.

लोकांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? आप्पा स्वतः वाड्यावाड्यावर, जिथं जिथं मेंढरं बसली होती तिथं जाऊन सांगून आले होते. 'माझ्या लेकीनं केलंय. आता पायपीट नाय.' लोकांनी फोन बघितला, लस नाही म्हणून मेंढरं तशीच घेऊन पुढं निघाले. पाऊस पडला, गवत आलं. मेंढरं मेली. आप्पांचीही मेली.

तेव्हा एका वडीलधाऱ्या माणसानं आप्पांना तोंडावर सुनावलं, 'तुझ्या पोरीच्या फोननं आमची मेंढरं खाल्ली.' ते बाबा आज इथं आलेत. बाबा, तुमचं बोलणं खोटं नव्हतं. फक्त माणूस चुकीचा होता. ते मला सुनवायला पाहिजे होतं.

ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. विचारलं, हे कुणी लिहिलं? संगणकात बघितलं तर कावेरीचं नाव. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होतो. मी बोललो नाही. मनात म्हटलं, नंतर एकट्यात साहेबांना सांगू.

त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. कागदावर ती ओळ लिहून आणली होती तिनं.

'सर, ही ओळ मी कधी लिहिली? मला आठवंनाच. मी असं लिहीन कसं?'

माणसांनो, तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ती चिडली असती, रडली असती, मला नाही नाही ते बोलली असती. बोलू द्यायचं होतं. मी काय म्हणालो सांगू?

मी म्हणालो, 'लग्नाला जायच्या घाईत लिहिली असशील. होतं असं.'

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, 'व्हय सर. घाईच होती तवा.'

ती ओळ घालणं ही चूक होती. चूक कुणाकडूनही होते. पण हे जे मी बोललो, ती चूक नव्हती. ते मी जाणूनबुजून केलं. तिच्याच डोक्यात तिच्याविषयी खोटं घातलं, अन् तिनं ते खरं मानलं, कारण मी सर होतो.

तिनं ते पान परत पहिल्यासारखं केलं. आजही ते तसंच चालतं, तिच्या रीतीनं. मग ती आप्पांना घेऊन प्रत्येक वाड्यावर गेली. पाया पडून माफी मागितली. आप्पा दर ठिकाणी तिच्या मागं उभे राहिले. मी न केलेल्या कबुलीपायी हे बापलेक उन्हातान्हात हिंडले, आणि मी इथं पंख्याखाली बसून होतो.

त्यानंतर ती बदलली. काही लिहिलं की माझ्याकडं आणायची. 'सर, एकदा बघा ना. माझा मलाच भरवसा नाय राहिला.' दोन वर्षं. अन् मी बघायचो. चष्मा लावून, मान हलवून, ठीक आहे म्हणायचो. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं होतं. माझ्याहून हुशार पोर माझ्यापुढं उभी राहायची, अन् मी तिला ठीक आहे म्हणायचो.

डेंग्यूनं ती दवाखान्यात होती, तेव्हा तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. किवी घेऊन गेलो होतो, सगळे नेतात तशी. ती बोलत होती. माय उशाशी बसल्या होत्या. वाटेत ठरवलं होतं, आज सांगायचंच. तिनं मला बघून पहिलं काय विचारावं?

'सर, मी पाठवलेलं बघितलं का? काही चुकलं नाय ना?'

मी म्हटलं, तू बरी हो, मग बघू. किवी टेबलावर ठेवली अन् निघालो. दोन दिवसांनी फोन आला.

तिनं पाठवलेलं मी काल बघितलं. काही चुकलेलं नाही. एक अक्षर चुकलेलं नाही.

आता मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. संगणकात तिचं नाव आहे, अन् ती सांगायला नाही. म्हणूनच आज बोललो. साहेब, तिथलं नाव बदलता येत नाही, पण त्याच्याखाली खरं काय ते लिहिता येतं. उद्या सगळ्यांसमोर ते मी लिहीन. पुढं मला ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आप्पा, माय, मी तुमच्याकडं माफी मागत नाही. तुम्ही भली माणसं आहात, द्याल. मला ती इतक्या स्वस्तात नको. ज्या ज्या वाड्यावर कावेरी गेली होती, तिथं मी जाणार आहे. माझ्या नावानं. हे बाबा मला वाट दाखवतो म्हणाले तर त्यांच्यासोबत, नाही तर एकटा. तुम्ही यायचं नाही. तुम्ही एकदा गेलात, तेसुद्धा तुमचं काम नव्हतं, माझं होतं.

अन् सभा झाल्यावर माझ्या पाठीवर कुणी हात ठेवू नका. धाडस केलंस, असं कुणी म्हणू नका. हे धाडस दोन वर्षांपूर्वी करायचं होतं.

आता दोन मिनिटं शांत उभं राहून कावेरीला निरोप देऊ. सगळे उठा.

आप्पा, तुम्ही नाही. तुम्ही बसून राहा. उभं आम्ही राहायचं.