डाव्या बाजूनं बोलू नका

—डोकेदुखी नाय. चक्कर नाय. झोप? झोपेचं काय विचारता मॅडम, उशीला डोकं लागायचा उशीर, घोरणं चालू— उत्तम लिहा. पुढचं काय? स्मरणशक्ती. आता बघा, चौदा वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या लग्नात ह्यांच्या पानात जिलेबी वाढायची राहिली, ते अजून लक्षात हाय, आणि काल सांगितलेलं दळण लक्षात नाय— मग काय लिहाल? लिहा, नवऱ्यासारखी. तसा रकाना नाय? मग बरी लिहा. मला ह्यांनी कालच पढवून ठेवलंय. 'उज्वला, उद्या ती मेडिकल कॉलेजची समीक्षा मॅडम येईल, वायरलेसच्या सेटनं पोलिसांना काय काय होतं ते लिहून न्यायला. मी घरी नसलो तर सांग, हवालदार रत्नदीप एकदम फिट.' तर फिट लिहा. हसताय काय? खरंच सांगते. पाणी घ्या, खालापुरात मे महिन्यात दुपारी फिरणाऱ्या तुमीच एकट्या.

किती वर्षं सेट वापरला? सव्वीस. आता मोजा तुमी, रोजचे बारा तास, बंदोबस्त असला की सोळा. खांद्याला वॉकीटॉकी, तोंड ह्या बाजूला आणि कान पण ह्याच, डाव्या. जीपमध्ये बसले तर तिथं दुसरा सेट, कानाच्या शेजारी खरखर खरखर— कढईत काय तळतंय की काय असं वाटायचं मला. शेजारची जिजामावशी हाय ना, तिनं तर ह्यांना अंगणातनं जायची बंदी केली होती, सून गरोदर होती तेव्हा. बोलली, त्या डबड्यातनं किरणं निघतात, लांबनं जा. हे बिचारे आठ महिने मागच्या दारानं ये-जा करायचे. आणि बाळ झालं ते असं रडायचं की सगळ्या आळीनं ऐकावं. हे बोलले, मावशी, हा सेटचाच परिणाम, आवाज बघ कसा पोचतोय! पण मला सांगा मॅडम, खरंच निघतात काय हो किरणं? नक्की नाय सांगता येत? मग तेच शोधायला फिरताय होय. बरं बरं. आणि तुमचा मोबाइल रात्री कुठं असतो? उशीखाली. वाटलंच मला. मग तुमचा फॉर्म कोण भरणार गं बाई?

पुढचं विचारा. ऐकू येणं— चांगलं. चांगलं लिहा. का, पेन का थांबलं? नाय, थोडं आपलं ते— वयाचं. छप्पन पुरी झाली ह्यांना. थोडं म्हणजे डाव्या बाजूनं बोललं तर— अहो पहिलं तर मला कळलंच नाय. बायको बोलते आणि नवरा ऐकत नाय, ह्यात नवीन काय हाय? तीस वर्षांचा संसार, मी धरूनच चालले. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी हे बोलायचे तीन. मी बोलले, झालं, लक्ष नाय. पण एक दिवस पाहुणे आले, पाहुण्यांनी ह्यांचं कौतुक केलं, डाव्या बाजूनं, चांगलं तोंड भरून, आणि हे ढिम्म. तेव्हा मी चरकले. स्वतःचं कौतुक ऐकू न येणारा पुरुष मी तरी बघितला नाय. मग मी परीक्षा घेतली. जेवताना डाव्या बाजूला बसले आणि हळूच बोलले, 'अहो, तुमची मोटरसायकल मी विकली.' हे बोलले, 'हां, थोडी अजून वाढ.' —हसा, हसा. मी पण हसले होते. हसता हसता पदर डोळ्याला लावला ते ह्यांनी बघितलं, आणि विचारतात, मिरची लागली काय?

मग नेलं खोपोलीला कानाच्या डॉक्टराकडं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला काय काय लावलं. डॉक्टर बोलला, आतली नस दमली, परत नाय येणार. सेटनं झालं का विचारलं, तर बोलला, सेट कानाशी धरून एवढी वर्षं आवाज ऐकला त्यानंही असेल, घाटाखालच्या गाड्यांच्या हॉर्ननंही असेल, वेगळं काढून दाखवता येत नाय. मशीन लावा बोलला. मुलगी हाय ना आमची, दीक्षा, पुण्याला नोकरीला, तिनं लगेच घेऊन पाठवलं, एवढंसं, वाटाण्याएवढं. ते कपाटात हाय, मोज्यात गुंडाळून. वर्दीवर कानात मशीन? लोक काय बोलतील? आणि साहेब काय बोलतील, ते जास्त. तब्येतीची तपासणी असते ना ह्यांची वर्षाला, त्यात नापास झाले की चौकीवरनं उचलून कुठं तरी कोपऱ्यात कागद शिवायला बसवतील. आमच्या घरात वर्दी पहिली ह्यांचीच. सासरे, कमळाकरदादा, जन्मभर कारखान्याच्या गेटवर दुसऱ्याला सलाम करत उभे राहिले. पोराला वर्दीत बघितलं तर शिवणीवरनं हात फिरवत बसले होते नुसते. ती वर्दी शेवटची दोन वर्षं खाली मान घालून घालायची काय? म्हणून मग— आता तुमी हे लिहू नका हां— तपासणीला मी सोबत जाते. डॉक्टर मागं उभा राहून हळू आवाजात आकडा बोलतो, ह्यांनी तो परत बोलायचा. मी समोरच्या बाकावर. डॉक्टरचं तोंड मला दिसतं, माझी बोटं ह्यांना दिसतात. सात असले तर पाच आणि दोन. दोन वर्षं पास झालो. पास झालो काय, मी पास झाले! घरी येऊन ह्यांना बोलले पण, बक्षीस द्या मला, सेवापदक द्या.

काय विचारलंत? परत विचारा. ऐकण्याच्या त्रासामुळं कामावर काही परिणाम झाला काय. नाय. नाय लिहा. स्पष्ट नाय. —हे येतील ना आता, त्यांनाच विचारा बाकीचं. सुट्टी हाय आज, वाडीवर गेलेत, कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडं, डोंगराखाली. असंच. दर सुट्टीला जातात. त्याची पण गंमत झाली. जायचे सकाळी, यायचे दुपारी, हातात पानाचा द्रोण करून करवंदं, नाय तर कसली तरी रानातली भाजी. विचारलं कुठनं आणलं, तर बोलायचे, मिळालं. मी मनात बोलले, झालं, छप्पनाव्या वर्षी म्हातारचळ लागला माझ्या हवालदाराला! पानातनं करवंदं कोण देणार? बाई असल्याबिगर नाय. मग एक दिवस उजव्या बाजूला गेले आणि कानात विचारलं, 'नाव काय तिचं?' आणि हे इतके सरळ, बोलले, 'ललिता.' मी हातातला पेला खाली ठेवला. मी बोलले, बरी दिसते काय? तर हे बोलले, 'तिला पाय नाय, उज्वला. डावा. घोट्याच्या वर कापलाय.'

—नाय, काय नाय. पाणी अजून देऊ? अपघातातला गं. गेल्या दिवाळीनंतर, जुन्या हायवेवर, वाडीतल्या बाया गवत कापायला टेंपोत बसून चालल्या होत्या, तो उलटला. हिचा पाय खाली सापडला. त्यात ह्यांचा काय— तू अशी बघू नको गं माझ्याकडं. लेकीच्या वयाची हायस, तुला मॅडम तरी किती बोलू. पेन ठेव खाली. ठेव आधी, मग सांगते.

ह्यांची चौकी चौतीसच्या दगडापाशी. चौतीस किलोमीटर लिहिलेला दगड हाय ना, तिथं. कंट्रोलवरनं मेसेज आला, टेंपो पलटी, दगड छत्तीस, अँब्युलन्स घेऊन निघा. छत्तीस खोपोलीकडं. ह्यांनी ऐकलं बत्तीस. बत्तीस लोधिवलीकडं. समजलं ना? अँब्युलन्स पुढं, ह्यांची जीप मागं, आणि दोघं निघाले उलटे. बत्तीसला रस्ता मोकळा. पुढं गेले, अजून पुढं गेले, मग परत फिरले. अठरा मिनिटं गेली. पोचले तर बाया रस्त्याच्या कडेला बसलेल्या, आणि ललिता टेंपोखाली. अठरा मिनिटं आधी पोचले असते तर पाय वाचला असता? डॉक्टर बोलला, सांगता येत नाय. सगळेच तसं बोलतात. तुमी लोक पण तसंच बोलता.

त्या दिवशी संध्याकाळी आले ते बुटासकट आत आले. कधी येत नाय. इथं खाली बसले आणि मला बोलले, 'उज्वला, छत्तीस बोल.' मी बोलले, छत्तीस. 'आता बत्तीस बोल.' मी बोलले. मग हे बोलले, 'आता तोंडावर पदर धर आणि दोन्हीतलं एक काय तरी बोल.' मला काय कळेना, पण धरला आणि बोलले छत्तीस. हे माझ्याकडं बघत राहिले. 'परत.' मी परत बोलले. दहा वेळा बोलले असेन गं, कधी हे, कधी ते. शेवटी हे बोलले, 'सोड पदर. मला दोन्ही सारखंच येतंय.' आणि मग बूट काढायला लागले, तर नाडी सुटेना. मी सोडली.

तेव्हाच बोलले होते, उद्या साहेबांना जाऊन सांगतो, कान गेलाय, चूक माझी हाय. ह्यांचा दोष नाय हां. ते जाणारच होते. मीच— मी बोलले, जाल तर बघा. दोन वर्षं राहिलीत. सव्वीस वर्षं त्या डबड्यानं कान खाल्ला तेव्हा कोणी विचारायला आलं काय? आता तुमीच जाऊन हात वर करणार? कोणाला काय कळणार हाय, वायरलेसवर खरखर असतेच, गप्प बसा. आणि बसले. माझं ऐकलं. तीस वर्षांत एकदाच ऐकलं माझं, आणि ते हे.

मला काय माहीत गं पुढं काय होईल. चौकीच्या वहीत ह्यांनी लिहिलेलं बत्तीस. मग साहेबांना वाटलं, कंट्रोलवरनंच बत्तीस सांगितलं. कंट्रोलवर होती संध्या. पोलीसच, नवीन लागलेली, तीन वर्षं झाली असतील. तिच्यावर कसुरी गेली, म्हणजे चूक तिची असा रिपोर्ट. चौकशी लागली. ती सांगते मी छत्तीस बोलले, पण कागद बोलतो बत्तीस. महिन्यापूर्वी इथं आली होती. दारातनं बोलली, 'काका, तुमी तरी आठवून बघा, मी काय बोलले होते?' ह्यांनी माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं नाय, माझ्याकडं. आणि मी आतनं बोलले, 'अगं, रात्रपाळी करून आलेत, झोपू दे त्यांना, नंतर ये.' रात्रपाळी नव्हती. ती 'बरं काकू' बोलली आणि गेली. चपला उलट्या पायात घातल्या तिनं, ते मी बघितलं. बघितलं आणि भाजी ढवळायला गेले.

तेव्हापासनं हे घरात बोलत नायत फार. मी चेष्टा करते, ऐकू आलं नाय काय हो, कोणाला ऐकवू एवढी बडबड— तर हसतात, माझ्यासाठी हसतात. आणि सुट्टी आली की वाडीवर. ललिताला कुबड्या हेच घेऊन गेले. तिला वाटतं, हवालदारसाहेब भला माणूस. म्हणून करवंदं देते. ती करवंदं मी खाल्ली गं. नवऱ्याला चिडवत चिडवत खाल्ली.

गुरुवारी संध्याची चौकशीची तारीख हाय. परवा. तुझ्या फॉर्मात त्याला रकाना नाय ना? नसणारच.

—थांब. मोटरसायकल वाजली. आले. तू बस, उठू नको. बस बोलले ना. अहो— अहो, इकडं या, थांबा, मीच येते ह्या बाजूला. ही समीक्षा, कॉलेजची. मी तिला सांगितलं. तुमी फिट हाय असं सांगितलं, आणि मग बाकीचं पण सांगितलं. बोटांचं सांगितलं. छत्तीसचं सांगितलं. माझ्यावर ओरडायचं तर ओरडा, पण गुरुवारी तुमी जायचं चौकशीला, मी येते बरोबर. पहिलं आपण संध्याच्या घरी जाऊ, तिला मी सांगेन दारातनं का परत पाठवलं ते. मग साहेब. वर्दी काढून घेतली तर घेतली. कमळाकरदादा असते तर त्यांनी पण— अहो, काय तरी बोला. ऐकू आलं ना?

'आलं' बोलतात.

पोरी, तू नीघ आता. तो कागद राहू दे इथं, आता हेच खरं काय ते भरतील, उद्या ये न्यायला. नाक्यावर रिक्षा मिळेल. जा गं, बघत काय उभी राहिलीस— जा.