पुढच्या गाडीवरची सही

"प्राजू, तिथे पुढेही गाड्या बनत राहतील का गं?"

हा प्रश्न वसंतकाकांनी मला हॉस्पिटलमध्ये विचारला होता. तिथे म्हणजे इंग्लंडमध्ये. याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि आजही देता येत नाही. तुमच्यासमोर उभं राहून पहिल्यांदा हेच कबूल करते, कारण काकांना खोटी खात्री आवडायची नाही.

उषाकाकू, निखिलदादा, आणि इथे जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. सकाळपासून स्नो पडतोय. तुमच्यातले कितीतरी जण आधी ड्राइव्हवे शोव्हल करून आला आहात. कुणी पाच-सहा तासांवरच्या ब्रॉसार्डहून थेट गाडी चालवत आलं आहे. काका असते तर दारातच अडवून विचारलं असतं, "इलेक्ट्रिक आणलीस ना? थंडीत रेंज किती मिळाली? चार्जिंगला कुठे थांबलास?" आणि काकू आतून ओरडल्या असत्या, "अहो, त्याला आधी कोट तरी काढू द्या!"

मला भाषण करता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माइकसमोर कसं बोलायचं हे घरी कुणी शिकवलेलं नाही. बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या.

हॅलिफॅक्सला मास्टर्स संपवून मी मिसिसागाला आले आणि काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहू लागले. नोकरी एका लॅबमध्ये. जुन्या बॅटऱ्या चिरडल्यावर त्यातून जी काळी भुकटी निघते, तिच्यात निकेल किती, लिथियम किती, हे तपासायचं माझं काम. पहिल्याच आठवड्यात काकूंनी मला जिन्यात थांबवलं.

"अगं, कानामागे काय हे काळं? शिकायला म्हणून आलीस आणि कोळशाच्या वखारीत लागलीस की काय?"

काका मागून म्हणाले, "उषा, तो कोळसा नाही. ती गाडी आहे."

त्या संध्याकाळी मला खाली जाऊच दिलं नाही. चहा झाला, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. बॅटरीच्या आत काय असतं? भुकटी काळीच का? निकेल कुठून येतं? काकांनी इंग्लंडमध्ये, मिडलँड्समधल्या एका गाड्यांच्या कारखान्यात, उमेदीची सगळी वर्षं काढली होती. बॉडी शॉपमध्ये वेल्डिंग. पत्र्याला पत्रा कसा जोडावा हे त्यांना हातानं कळायचं. पण बॅटरीबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसल्याची त्यांना जराही लाज नव्हती. या वयात इतक्या हौसेनं शिकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी सांगायचे. बॅटरीच्या सेलमध्ये एक पदार्थ असतो, कॅथोड. निकेल आणि लिथियमसारख्या धातूंची बारीक भुकटी. गाडी किती लांब जाणार, किती महाग पडणार, यातलं बरंचसं ती भुकटी ठरवते. ज्या देशाला ती बनवता येते, त्याच्या हातात गाडीची किल्ली. ज्याला येत नाही, तो दुसऱ्यानं पाठवलेले सेल गाडीत बसवत राहतो.

"आणि इंग्लंडला येते?"

"थोडीफार. काका, तिकडे जुन्या बॅटऱ्या चिरडतात, पण ती काळी भुकटी शुद्ध करायला बरीचशी बाहेरच्या देशांत जाते. मग तिकडून नवे सेल विकत येतात."

काका ताडकन उठले. "म्हणजे धान्य आपलं, दळायचं दुसऱ्यानं, आणि पीठ आपण विकत घ्यायचं?"

"पिठाचं म्हणताय," काकू म्हणाल्या, "तर आट्याची बॅग आणायला कालपासून सांगतेय मी."

हसलात ना? हसा. काकांना चाललं असतं.

त्यांचा तो पार्किंग लॉटचा किस्सा तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे. ग्रोसरी घेऊन आम्ही बाहेर आलो. शेजारी एक नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी उभी. काकांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि ते सरळ बर्फात गुडघे टेकून गाडीखाली डोकावले. तेवढ्यात मालक आला, एक सरदारजी. "ओ अंकलजी! क्या चुरा रहे हो नीचे से?" काका गुडघ्यांवरचा बर्फ झटकत म्हणाले, "सरदारजी, इसमें चुराने को है ही क्या? सायलेन्सर तक नहीं है!" पुढचा बराच वेळ ते दोघं त्या थंडीत दाराच्या कडेवरून बोटं फिरवत वेल्डिंग बघत होते. मी दुधाची पिशवी धरून उभी. ते सरदारजी आज मागच्या रांगेत बसले आहेत. अंकल, थँक यू फॉर कमिंग.

आता एक गोष्ट सांगते. ती मात्र बहुतेकांना माहीत नसेल.

गाड्यांच्या कारखान्यात एक रीत असते. एखादं मॉडेल बंद होतं किंवा कारखानाच बंद होतो, तेव्हा लाइनवरून शेवटची गाडी येते. तिच्या बॉडीवर, आतल्या बाजूला, पुढे जो भाग झाकला जातो तिथे, सगळे कामगार आपापली सही करतात. मार्कर हातोहात फिरतो. विकत घेणाऱ्याला त्या सह्या कधी दिसत नाहीत. पण त्या असतात.

काकांचा कारखाना बंद झाला त्या दिवशीही मार्कर फिरला. कुणी सही केली, कुणी बायकोचं नाव लिहिलं, कुणी फुटबॉलच्या टीमचं. मार्कर काकांकडे आला. त्यांनी तो पुढच्याच्या हातात दिला. फोरमन म्हणाला, "कम ऑन, वॅस! साइन इट!" काका म्हणाले, "आय विल साइन द नेक्स्ट वन."

सगळे हसले. कारण पुढची गाडी नव्हतीच.

ही गोष्ट काका नेहमी हसत सांगायचे आणि काकू शेवटी जोडायच्या, "यांची पुढची गाडी अजून यायचीच आहे." पण एकदा काका वर झोपायला गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत गं. म्हणाले, लाइन थांबली ना उषा, तर कानाला ती शांतता सहन होईना."

मग दोघं इकडे आले. इथे एअरपोर्टजवळच्या वेअरहाउसमध्ये काकांनी रिटायर होईपर्यंत फोर्कलिफ्ट चालवली. तक्रार केली नाही. पण इंग्लंडमधल्या गाड्यांची बातमी असली की टीव्हीचा आवाज वाढायचा.

निखिलदादा, तुमची आणि त्यांची ती रविवारची भांडणं मी कशी विसरेन? सांगू ना? दादा मानेनं हो म्हणताहेत.

दादा म्हणायचे, "बाबा, डोन्ट टेक इट पर्सनली, पण इट्स ओव्हर. चायना इतक्या स्वस्तात बनवतंय, इंग्लंड कुठून कॉम्पीट करणार?" काका टेबलावर हात आपटायचे. "बॅटरी काय पोस्टाचं तिकीट आहे? एवढं जड धूड समुद्रावरून किती दिवस आणणार? गाडी जिथे बनते तिथेच ती बनली पाहिजे!" छोटी मीरा विचारायची, "आजोबा, व्हाय आर यू येलिंग?" आणि काका एकदम मऊ होऊन म्हणायचे, "आय ॲम नॉट येलिंग, बेटा. आय ॲम मॅन्युफॅक्चरिंग."

दादा, तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्वस्ताईचं आव्हान खरं आहे. पण काकांचं म्हणणंही खरं आहे, आणि हे मी माझ्या अभ्यासाच्या जोरावर सांगते. युरोपात जकातीशिवाय गाडी विकायची, तर बॅटरीचा पुरेसा भाग ब्रिटन किंवा युरोपातच बनलेला असावा, हा नियम कडक होत चालला आहे. जुन्या बॅटऱ्यांचा ढीग दर वर्षी वाढणार आहे, म्हणजे घरातच एक खाण तयार होते आहे. आणि निकेल? आपल्या ओंटारिओतलं निकेल वेल्समध्ये नेऊन शुद्ध करण्याचं काम शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झालं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते मुलासारखे खूश झाले. "म्हणजे मी उलट्या दिशेनं आलो! निकेल तिकडे गेलं आणि मी इकडे!"

धातू आहे, ज्ञान आहे, हात आहेत. मधली एक पायरी बांधायची आहे. ती बांधता येते, असा माझा ठाम विश्वास आहे.

याच पायरीवर उभं राहायची संधी मला आली. इंग्लंडच्या उत्तरेला एक नवा कारखाना उभा राहतो आहे. जुन्या बॅटऱ्यांची भुकटी आणि कॅनडाचं निकेल यांपासून कॅथोड बनवणार. त्यांनी मला नोकरीला बोलावलं. पण त्यांचा माल घेणारी गाड्यांची कंपनी अजून पक्की नाही. उद्या ती मिळाली नाही तर कारखाना चालेलच असं नाही. आणि इकडे माझी पीआरची, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीची, फाइल अर्ध्या वाटेवर. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको, त्या फाइलसाठी आपण काय काय करतो.

मी बाबांना फोन केला. माझे बाबा कोल्हापूरला फाउंड्रीत ओतकाम करतात. इंजिनाचे भाग. ते म्हणाले, "पोरी, सगळी कॅनडात ऱ्हायला धडपडाय लागल्यात, आन तू निघालीस?" आणि वर, "आन तुझ्या त्या बॅटरीमुळं आमची भट्टी बंद पडणार न्हवं?"

या प्रश्नानं माझी झोप उडाली. मी ज्या कामाचं स्वप्न बघते, त्यानं माझ्याच बापाची भट्टी विझणार असेल तर? मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "आमचा कारखाना बॅटरीनं बंद पाडला नाही. तेव्हा बॅटरी नव्हतीच. पुढचं काय, हे कुणी वेळेवर विचारलंच नाही, म्हणून तो बंद पडला. बाबांना सांग, मोटरलाही घर लागतं, बॅटरीलाही पेटी लागते. ॲल्युमिनियमचं ओतकाम शिकायला मालकाच्या मागे लागा." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "इच्यारतो मालकाला." आणि खरंच विचारलं. मालकानं अजून उत्तर दिलेलं नाही. पण प्रश्न वेळेवर विचारला गेलाय.

मग काका हॉस्पिटलमध्ये गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी तोच प्रश्न विचारला. "प्राजू, तिथे पुढेही गाड्या बनत राहतील का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, काका."

तुम्हाला वाटेल, आजारी माणसाला असं कुणी सांगतं का? पण काका हसले. म्हणाले, "बरं झालं. 'हो' म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, जाऊ नकोस. आमच्या मॅनेजरला सगळं माहीत असायचं. बंद व्हायच्या आधीच्या ख्रिसमसलासुद्धा त्याला माहीत होतं, की काही बंद होत नाही." मग डोळे मिटून म्हणाले, "ज्याला माहीत नसतं, तो नीट काम करतो."

हे आमचं शेवटचं बोलणं.

मित्रांनो, आज या हॉलच्या दारात एक वही ठेवली आहे. तुम्ही सगळ्यांनी तिच्यात काकांसाठी चार ओळी लिहून खाली सही केली आहे. छान केलंत. काकू ती वही जपून ठेवतील. पण काकू, त्यात माझी सही नाही. शोधू नका. शेवटच्या गाडीवर सही न करणाऱ्या माणसाच्या घरात राहिले मी. माझ्याच्यानं तिथे सही झाली नाही.

आता आपण काकांसाठी दोन मिनिटं उभे राहू या. खरं तर त्यांना शांतता आवडत नसे, शांतता म्हणजे थांबलेली लाइन. म्हणून उभं राहून मनातल्या मनात त्यांचा कारखाना चालू करा. पत्रा, ठिणग्या, हाका मारणारी माणसं. त्या आवाजात त्यांना निरोप देऊ.

आणि काका, तुम्हाला सांगायचं राहिलं. सोमवारी मी पीआरची फाइल मागे घेतली. लॅबमध्ये राजीनामा दिला. काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जाडा स्वेटर ने, तिथली थंडी ओली असते," आणि तुमचाच आणून दिला. मग खाली बेसमेंटमध्ये जाऊन इंग्लंडच्या नोकरीच्या कागदावर सही केली.

पुढच्या गाडीवर.