तीन उपाशी बायकांचं उप्पिट

उपासाचं पुण्य स्वयंपाकात किती उपयोगी पडतं, ते मला विचारा.

जयनगरातली माझी शेजारीण स्टेलाक्का मूळची बेळगावची. नवरा, अँथनीअण्णा, चर्चची पायरी चढावा म्हणून वीस वर्षं मेणबत्त्या लावतेय. दर रविवारी ती चर्चमध्ये दहा रुपयांत नाश्ता वाढते. एकदा मदतीला मीही गेले. उप्पिट झाल्यावर म्हटलं, "अक्का, चव बघ."

"मिस्साची प्रार्थना होईपर्यंत आम्ही काही खात नाही. तूच बघ गं."

"माझी संकष्टी."

मदतीला आलेली तिसरी रोझी, तीही प्रार्थनेआधी उपाशी. मग मीठ राहिलं असेल, या शंकेने तिघींनीही एकमेकींच्या नकळत मूठमूठ मीठ घातलं. भक्तीत आम्ही कोणाला हार जात नाही.

प्रार्थनेनंतर रांगेतल्या पहिल्या रिक्षावाल्याने घास घेतला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "अक्का, या मिठात स्वल्प उप्पिट तरी घालायचं!"

स्टेलाक्का रडकुंडीला आली. "पुढच्या रविवारी कोण येणार गं इथे?"

"चवीला उपास नसलेला माणूस आण," मी म्हटलं. "तुझ्या घरात आहे की एक."

आता अँथनीअण्णा दर रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर असतात, हातात स्वतःचा चमचा घेऊन.

"देव पावला म्हणायचं का गं?" स्टेलाक्का विचारते.

"पावला की! तू उगाच वीस वर्षं मेणबत्त्या लावल्यास. पहिल्याच दिवशी उप्पिट लावायचं होतंस."