वुकाशिनची शेवटची परीक्षा

– नाही नाही, तपासणी-अहवालातला हा रकाना कोरा नका ठेवू, बाई. ‘विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकत राहण्याची सवय लागावी म्हणून आपण काय करता?’ – अहो, पुरावा बाहेर बाकावर बसलाय की! तो टक्कल पडलेला, मांडीवर हेल्मेट – शिपाई नाही, विद्यार्थी आहे तो. वुकाशिन. एकोणीस वर्षं माझ्याकडे पूलबांधणीची तोंडी परीक्षा देतोय. तुमच्या बेलग्रेडात दाखवा अशी सवय! पुढच्या वर्षी त्याची थोरली लेक इथंच येईल, म्हणजे बापलेक एका बाकावर – लिहा, लिहा. कॉफी निवतेय, तीही घ्या.

नापास का होतो म्हणता? मठ्ठ म्हणून? छे, मठ्ठ असता तर कधीच पास करून वाटेला लावला असता. गंमत अशी – पहिल्याच वर्षी त्यानं माझ्या पुस्तकातली चूक दाखवली. म्हटलं, फार शहाणा, घे पाच – पाच म्हणजे नापास, हे तुम्हाला काय सांगायचं. पुढच्या खेपेला गडी पुलाची कंपनं मोजायची नवीच रीत शिकून आला. मला – आता तुमच्यापासून काय लपवायचं – अर्धीच कळली. म्हटलं, पुन्हा या. तो आला. दिवसभर बांधकामावर राबायचं, घरी जाऊन वाचायचं आणि वर्षाकाठी मला येऊन समजावायचं. तेच मी वर्गात शिकवतो. पोरं म्हणतात, या वयातही सर किती वाचतात – हे नका लिहू. खोडा ते.

हो, चुकलंच माझं. पदवी नाही म्हणून मुकादमच राहिला बिचारा, नकाशे ह्याचे आणि सह्या दुसऱ्यांच्या. आणि आज जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा – आज नापास झाला की नाव कायमचं कटलं. म्हणून म्हणतो, खाली एक ओळ घाला, मुदत वर्षभर वाढवावी. चांगली सवय मोडू नये, एवढ्यासाठीच… नाही? सहा महिने?… असं बघू नका हो. फाईल मिटलीत? बरं. या मग. जाताना त्याला आत पाठवा.

या, वुकाशिन – सहकारीच म्हणतो आता. दार लावून घ्या. बसा – ती गुणांची वही द्या इकडे, आधी सही करतो. पैकीच्या पैकी दिलेत, रडू नका. आता यंदा वाचून आलात ते शेवटचं प्रकरण समजावून सांगा – सावकाश, हं. उद्यापासून मी विचारायचं कुणाला?